पडवीच्या खांबावर दोन ठोके

मास्तर, तुम्ही गेल्यावरही आमच्या पडवीच्या खांबावर ठोके पडत राहिले, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. सांगणार कोण? ते ऐकणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि आई. आई जाऊनही आता वीस वर्षं झाली. मी रिटायर झाले, गुडघे गेले, आणि आज दुपारी कपाट आवरताना कोरे कागद हाती लागले तेव्हा वाटलं, लिहून टाकावं एकदाचं. तुमचा पत्ता मला तेव्हाही ठाऊक नव्हता. ठाकुर्लीच्या बाजूने शेताच्या बांधावरून चालत येता, एवढंच आम्हाला माहीत. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात, काखेत छत्री, नाकाला तपकीर. तुम्ही काही देखणे नव्हतात, मास्तर. पहिल्या दिवशी तर मी तुम्हाला घाबरून आईच्या पदरात तोंड लपवलं होतं.

आमचं गाव खाडीकाठचं, मिठागरांचं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, तरी गावात अक्षर ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शाळा देवळाच्या सभामंडपात, चार इयत्ता आणि मास्तर एक. तुम्ही आल्याआल्या सगळ्या आईबापांना देवळापुढे बसवलंत आणि म्हणालात, "तुम्हाला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. त्यावाचून काही अडत नाही. दिवेलागणीला मूल पडवीत बसवा, मोठ्यानं पाढे म्हणायला लावा आणि तुम्ही ऐका. फक्त ऐका. बाकीचं मी बघतो." लोक हसत घरी गेले. पण माझ्या आईने ते फारच मनावर घेतलं. दिवसभर मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहून आलेली बाई, पण मी पडवीत बसले की शेजारणीलासुद्धा गप्प करायची. "थांब गो जराशी, मास्तरांनी मना ऐकायचं काम दिलंय." जणू तिची सरकारी नोकरीच लागली होती.

आणि तुम्ही खरंच बघायचात. घरी जाण्याआधी गावातून एक फेरी. आम्हाला दिव्याकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून बसायची सक्त ताकीद, म्हणजे तुम्ही कधी मागे येऊन उभे राहिलात ते कळायचं नाही. पाढा बरोबर असला तर आलात-गेलात याचा पत्ताच नाही. चुकला तर मागच्या खांबावर काठीचे दोन ठोके. रागाचे नाहीत, दार वाजवावं तसे. की पाढा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाहीत. छडीपेक्षा मला त्या न दिसणाऱ्या उभं राहण्याची भीती वाटायची. मग कधीतरी तिची सवय झाली, आणि मग तुम्ही आला नाहीत तर चैन पडेना. आमच्या बाबांनी, मुलीची जात म्हणून, तिसरीनंतर मला मिठागरात घालायचं ठरवलं होतं. तुम्ही त्यांना बांधावर गाठलंत आणि वदवून घेतलंत की एकोणतीसपर्यंत पाढे आले तर ही चौथीत बसेल. माझं सगळं शिक्षण त्या एका शब्दावर टांगलेलं होतं आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

मी तिसरीत होते, त्या दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही तापाने गेलात. शाळा उघडली तर तुमची खुर्ची होती आणि खुंटीला छत्री. दुसरे मास्तर यायचे होते. येऊ नका असं कोणी म्हणालं नाही, म्हणून आम्ही रोज जात होतो. ओळीने बसायचो. मोठी मुलं पाढे सुरू करायची, आणि तुम्ही तपकीर ओढायला जिथे थांबायचात तिथे सगळा वर्ग आपोआप थांबायचा. तेवढा वेळ कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मग पुन्हा सुरू. पुजारी एकदा दारातून डोकावला आणि आत न येताच परत फिरला.

पहिल्याच दिवशी, संध्याकाळी मी पडवीत बसले आहे. ओहोटी लागली आहे, चिखलाचा वास येतो आहे. आत आई भाकऱ्या करते आहे. माझं मन पाढ्यात नाही. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक सहासष्ट. आणि मागच्या खांबावर दोन ठोके पडतात. माझी मान आखडते. ताकीद मोडून मी मागे वळते. रस्ता रिकामा. पलीकडे मिठागरात भरून ठेवलेल्या पाण्यावर शेवटचा उजेड, आणि बांधावर एक माणूस नाही. मी गुपचूप पुन्हा दिव्याकडे तोंड केलं आणि पाढा पहिल्यापासून म्हटला. दुसरं काय करणार होते? तुमचा नियमच तसा होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळं अचूक म्हटलं. काही झालं नाही. शेवटी राहवेना म्हणून मुद्दाम म्हटलं, सतरा चोक सहासष्ट. ठक, ठक. आवाज जरा वेगळा होता, आतून आल्यासारखा, कुडाच्या भिंतीकडून. पण मी स्वतःची समजूत घातली की गेलेल्या माणसाची काठी अशीच वाजत असणार. भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्या भीतीपेक्षा आनंद मोठा होता. मास्तर आहेत. मी चुकते तोवर आहेत. त्या दिवसापासून मी रोज चुकायला लागले, मास्तर. न चुकता चुकायला लागले. चोकपर्यंत यायचं, सहासष्ट म्हणायचं, ठोक्यांची वाट बघायची, परत सुरुवात करायची. कधी कधी एका संध्याकाळी चार-पाच वेळा. अठरावर मी गेलेच नाही. अठरा मला येत होता, एकोणतीससुद्धा येत होता. पण बरोबर म्हणत गेले तर तुम्ही कशाला थांबाल?

महिनाभर हे चाललं. मिठागरात कामं सुरू झाली, जमीन पायांनी तुडवून घट्ट करायला माणसं हवी होती. एके दिवशी बाबा लवकर घरी आले आणि पडवीच्या कोपऱ्यात टेकले. मी चुकले, ठोके पडले, मी परत सुरू केलं. परत चुकले. बाबा म्हणाले, "महिना झाला, हिचं सतराच चाललंय? मास्तर गेला नि हिचं डोकंपन घेऊन गेला. बस झाली शाळा. उद्यापासून चल माज्यासंगती."

तेवढ्यात आई बाहेर आली. तिच्या हातात चुलीची फुंकणी होती. मला वाटलं ती माझ्या बाजूने भांडेल. पण ती मान खाली घालून म्हणाली, "चुकतंय तिचं. रोज त्याच जागी. मास्तर होते तवा चुकत नव्हतं. खोट माज्यात हाय. मना ठोकता येतं, शिकवता नाय येत."

मी त्या लोखंडी फुंकणीकडे बघत राहिले. जिला एक अक्षर येत नव्हतं, ती बाई तीन वर्षं चुलीपाशी नुसती ऐकत बसली होती आणि तिला सगळे पाढे पाठ झाले होते. मी कसंबसं विचारलं, "पहिल्या दिवशीपन तूच?"

"नाय गो. त्या दिवशी माजे दोनी हात पिठात होते." तिने खांबाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मीपन ऐकलं ते. मना वाटलं, मानूस गेला पन त्याचं काम हितं अडकलंय. तुज्या चुकीपायी रोज या खांबाशी उभा राहील बिचारा. म्हनून दुसऱ्या दिवसापासून मी घेतलं हातात. बोलले, जावा तुम्ही मास्तर, मी बघते."

बाबांनी हळूच पाय पडवीत वर ओढून घेतले.

मी दिव्याकडे तोंड केलं. सतरा एके सतरा. चोकपाशी आले आणि थांबले. आई कुडाला टेकून उभी होती, फुंकणी खाली ठेवलेली. मागे रस्ता. सहासष्ट म्हटलं असतं तर कोणाचे ठोके पडले असते, हे मला आजही माहीत नाही. मी अडुसष्ट म्हटलं. मग थांबलेच नाही. अठरा, एकोणीस, वीस, एकोणतीसपर्यंत, एका दमात. प्रत्येक पाढ्यागणिक पाठीमागचा गारवा कमी होत होता, कोणीतरी एकेक पाऊल मागे सरत असल्यासारखा. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद म्हटलं तेव्हा पाठीशी नुसती संध्याकाळ उरली होती. बाबा म्हणाले, "येतंय की हिला सगळं," आणि हातपाय धुवायला उठले.

जेवताना आईने विचारलं, "मंग रोज का चुकायचीस?" मी म्हटलं, झोप यायची. तिने ते खरं मानलं. चाळीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं, आणि आपल्याला काही येत नाही म्हणून संकोचणाऱ्या आयांना तुमचंच वाक्य सांगितलं, तुम्ही फक्त ऐका. त्यांना माझ्या आईची गोष्टही सांगायचे. चोकपाशी मी का थांबले ते मात्र कोणाला सांगितलं नाही. हा कागदही कुठे टाकायचा नाहीच आहे, म्हणून लिहिते. त्या संध्याकाळी मला तुम्ही आणि शाळा यांतलं एकच मिळणार होतं. मी शाळा घेतली. तुम्हीही तेच सांगितलं असतंत, ठाऊक आहे मला. पण मास्तर, मला त्यासाठी फारसा विचारही करावा लागला नाही.