चटईखालचे सरकार आणि माझे घर

मी, सिएनी लाफाएले, वय चौसष्ट, राहणार वाईलोआ, उपोलू बेट, सामोआ, मानवी हक्क कार्यालयाची प्रमुख, पूर्ण शुद्धीत माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. अंगणात एक सरकारी खाते चटई पांघरून बसले आहे. त्याला मी दबाव मानत नाही.

१. घर आणि मागची विलायती फणसाची झाडे भाची फिलेमू हिला. मात्र माझ्यामागे तिने ती चटई उचलल्यास घर चर्चला जाईल.

परगावचा वकील हे वाचेल म्हणून खुलासा करते. आमच्याकडे अपराध करणारा पहाटे दारात येतो आणि बारीक विणीची चटई डोक्यावर घेऊन बसतो. घरच्यांनी ती उचलली की माफी झाली, तक्रार मिटली. या खात्याने टेलिफोन ऑपरेटर तेलेसियाला लग्नाआधी दिवस गेले म्हणून काढून टाकले. तिला आईबाप नाहीत, ती माझ्याकडे राहते. मी तक्रार दाखल केली. सचिव तानिएलूने तिची नोकरी परत दिली नाही, चटई आणली.

"बाई, उचला की आता. पाय बधिर झालेत."

"तेलेसियाला कामावर घे."

"अहो, माफी मागतोय ना! वर नोकरीपण?"

फणसांचा बहर येऊन गेला, तरी तो बसलाच आहे. खाते आता इथूनच चालते. लोक कुंपणापर्यंत रांग लावतात, चटईखालून हात येतो आणि शिक्का मारतो. माझे हृदय थकल्याचे त्याला कळले आहे. मी गेले की फिलेमू विरघळेल, असा त्याचा हिशेब आहे. तो अगदीच चुकीचा नाही.

"आत्या, साहेब वाळत चाललेत गं. तारोचे उकडलेले कंद देऊ?"

"दे. पण चटईला हात लावशील तर बघ."

२. ॲल्युमिनियमची किटली माझ्या कार्यालयाला. तानिएलूच्याच खात्यात मी टंकलेखिका म्हणून लागले आणि उपसचिव झाले, तरी पहिल्याच सभेत तानिएलूने किटली माझ्यापुढे सरकवली. मी सर्वांना कोको ओतला आणि इतिवृत्तात लिहिले, 'कोको उपसचिवांनी वाढावा, असे ठरले.' सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. पुढे उपसचिव झालेल्या प्रत्येक पुरुषाला कोको वाढावा लागला. दोघांनी तर याच कारणाने बदली मागितली. मला मानवी हक्कांकडे पाठवले ते त्यानंतरच. तिथे किटली नसते, असा त्यांचा समज होता.

३. तानिएलूशी असलेले वैर चुलतबहीण मालीनोला. निम्मे विकून टाकू नये, सबंध सांभाळावे.

४. माझ्या अंत्यविधीला भाषणे नकोत. डुक्कर मात्र मोठे कापावे.

साक्षीदारांबाबत: दोन हवेत, वारस चालत नाहीत. जवळ तेलेसिया होती आणि तानिएलू होता. तेलेसियाने सही करून नावापुढे हुद्दा लिहिला. मग फिलेमूने कागद चटईशी नेला. तानिएलूने चटईची कड जराशी वर करून माझी सही होताना पाहिली होती, आता खालचे वाचू लागला.

"बाई, ही स्वतःला ऑपरेटर म्हणवतेय."

"हो."

"त्याखाली मी सही केली तर?"

"खात्याच्या सचिवाने ते मान्य केले, असे होईल. नको असेल तर राहू दे. चर्चच्या पाद्रीबाईंना बोलावते."

त्याने पेनचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले. रांगेतला एक म्हातारा ओरडला, "अरे कर की बाबा, आमचे कागद अडलेत!"

त्याने सही केली. खाली शिक्काही मारला.

चटई मी स्वतः उचलली. कलम १ मधील अट रद्द समजावी.

ठिकाण: वाईलोआ, घरापुढचे अंगण
दिनांक: ९ ऑगस्ट

सही: सिएनी लाफाएले

साक्षीदार:
तेलेसिया आफामासागा, टेलिफोन ऑपरेटर (सोमवारपासून हजर)
तानिएलू मातागी, सचिव (उठताना आधार द्यावा लागला)