एक्केचाळीस नंबरचं फाटक

मी, मार्टिन गुनेश, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा लाकडी पिंपं बांधण्याचा (गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे सध्या बंद), राहणार घर नंबर ४१, वरची गल्ली, मुक्काम क्लाइनबाख, जिल्हा सिबिऊ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच टेबलावर बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. सकाळी घेतलेला आलुबुखाराच्या दारूचा एक लहान पेला सोडला, तर मी कोणत्याही अंमलाखाली नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही, आणि घालायला गावात आपलं असं कोणी उरलेलंही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. का, ते कलम पाचमध्ये येईल.

१. घर. घर, मागचं अंगण, कोठार आणि अक्रोडाचं झाड हे सर्व माझी एकुलती एक मुलगी हिल्डे, सध्या राहणार जर्मनी, हिला मिळावं. ती विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावं. फक्त सिबिऊच्या त्या हॉटेलवाल्याला विकू नये. गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या फाटकाचे फोटो काढत होता आणि ‘आजोबा, जरा बाजूला होता का, तुम्ही मध्ये येताय’ असं मलाच सांगत होता.

२. शिल्लक. बँकेत जे काही असेल ते आमच्या चर्चच्या छपरासाठी द्यावं. हिल्डेला गरज नाही, असं ती स्वतःच दर रविवारी फोनवर सांगते. चर्चमध्ये आता महिन्यातून एकदा पाद्रीबाबा येतात आणि आम्ही दोघं म्हातारे ऐकायला बसतो. मी पुढे, दुसरा अगदी शेवटच्या बाकावर. पाऊस मात्र सगळ्या बाकांवर गळतो.

३. हत्यारं. वाकस, तिन्ही रंधे, पटाशा, करवती आणि पिंपाचे लोखंडी पट्टे ठोकायचा हातोडा हे पलीकडच्या गावचा हंगेरियन सुतार आर्पाद याला द्यावं. ओकचं लाकूड किती वर्षं वाळवायचं, हे मला या दहा वर्षांत विचारायला आलेला तो एकटाच. म्युझियमवाले आले तर त्यांना चहा पाजून परत पाठवावं. माझा रंधा भिंतीवर टांगून खाली चिठ्ठी लावलेली मला चालणार नाही.

४. बर्फ. हे कलम मालमत्तेचं नाही, पण माझं निम्मं आयुष्य यात गेलं आहे, तेव्हा ते कुठेतरी नोंदवायला हवं.

आम्हा सॅक्सन, म्हणजे रोमानियातल्या जर्मन लोकांच्या गावात प्रत्येक गल्लीची एक आळी, म्हणजे शेजाऱ्यांचा संघ असे आणि आळीचा एक थोरला असे. आमचे थोरले म्हणजे ५७ नंबरचे डेप्नर. आळीचा नियम होता की ज्याने त्याने आपल्या घरापुढचा बर्फ आपल्याच भिंतीलगत रचायचा आणि वाट मोकळी ठेवायची. माझ्या वरचं घर नंबर ४३, सायमन थाइल, सरकारी शेतीवर ट्रॅक्टर चालवणारा. त्याचं घर चढावर, माझं उतारावर. फावडं मारायचं शिक्षण त्याने रशियाच्या कोळशाच्या खाणीत घेतलं होतं. महायुद्ध संपत आलं तेव्हा, सतराव्या वर्षी, रशियनांनी त्याला धरून नेलं, पाच वर्षांनी सोडलं. कोळसा फेकतात तसाच तो बर्फ फेकायचा, कुठे पडतोय ते न बघता. तो पडायचा माझ्या फाटकावर.

एकोणीसशे एकोणसत्तरच्या डिसेंबरात मी पहिल्यांदा बोललो.

‘थाइल, हा ढीग तुझा आहे. उचल.’

‘माझा? आभाळातून पडलेला बर्फ माझ्या बापाचा आहे का?’

‘बापाचा नसेल. पण काल संध्याकाळी तो तुझ्या अंगणात होता.’

‘मग आज तुझ्या अंगणात पाहुणा आलाय असं समज. चहा दे त्याला.’

मी चहा दिला नाही. मी तो ढीग परत त्याच्या फाटकावर घातला. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, व्याजासकट. असं सोळा हिवाळे चाललं. मध्ये मी बीच झाडाच्या लाकडाचा एक खुंटा तासून दोन घरांच्या हद्दीवर ठोकला. तेव्हापासून खुंट्याच्या अलीकडचं माझं, पलीकडचं त्याचं. फावडं खुंट्यापाशी थांबायचं, बोलणं त्याच्याही आधी.

थोरल्यांनी वर्षाच्या निवाड्याच्या दिवशी आम्हा दोघांनाही वाइनचा दंड केला. तो बाकीच्यांनी हसत हसत पिऊन टाकला. ‘हात मिळवा,’ डेप्नर म्हणाले, ‘विहिरीवर भांडणाऱ्या बायका परवडल्या, पण तुम्ही दोघं नको.’ आम्ही हात मिळवले. दुसऱ्या सकाळी माझ्या फाटकाला कंबरेइतका ढीग लागलेला होता. माझी बायको रेगीना म्हणायची, ‘अरे, मार्चमध्ये वितळणारच आहे की तो. तोवर तुम्ही दोघं कशाला पेटताय?’ तिचं कोणी ऐकलं नाही. मी तर नाहीच.

५. पाटी. हे कलम लिहायला मी पंचवीस वर्षं घेतली. हिल्डे, हे तू बसून वाच.

आळीत निरोप पोचवायचा तो पाटीने. ढालीच्या आकाराची ओकची पाटी, तळहातापेक्षा थोडी मोठी, मागे चिठ्ठी खोचायला पितळी पट्टी, वर दोरी. थोरल्यांच्या घरून ती निघायची आणि घरोघर खाली यायची. ज्याच्याकडे येईल त्याने वाचून लगेच पुढच्या घरात हातात द्यायची. घर गाळायचं नाही. पाटी कोणाच्या छपराखाली रात्रभर राहता कामा नये.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत रेगीनाला न्यूमोनिया झाला. गावाबाहेर पुलाजवळ छातीएवढा बर्फ साचला होता. पंचायतीच्या फोनवरून डॉक्टर म्हणाला, ‘सकाळपर्यंत पुलापर्यंतचा रस्ता मोकळा करा, मी जीप घेऊन येतो.’ मी थोरल्यांकडे धावलो. त्यांनी माझ्यासमोर चिठ्ठी लिहिली, ‘उद्या पहाटे सहा, सर्वांनी फावडी घेऊन पुलावर, गुनेशच्या बायकोसाठी’, आणि पाटी सोडली.

आता यानंतरचं मी आळीला जे सांगितलं ते, आणि जे घडलं ते, अशा दोन गोष्टी आहेत. मी आळीला सांगितलं की पाटी माझ्याकडे आलीच नाही. मला वाटलं, घरात आजारी माणूस म्हणून मला वगळलं असेल. थाइलने ती बर्फात फेकून दिली, असंही सांगितलं.

घडलं ते असं. दिवस मावळताना, गाईंच्या धारा काढायच्या वेळी, माझं फाटक वाजलं. तीनदा. मग थाइलचा आवाज आला. ‘मार्टिन! उघड रे! पाटी आलीये!’ सोळा वर्षांत त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली होती. मी रेगीनाच्या उशाशी होतो. ती म्हणाली, ‘कोण आहे? उघड ना.’

मी म्हणालो, ‘थाइल आहे. उभा राहू दे जरा.’

‘अरे, केवढा गारठा आहे बाहेर. आत तरी घे त्याला.’

‘सकाळीच फाटकावर ढीग घातलाय त्याने. त्याच ढिगावर उभा राहू दे.’

मला त्याला थोडा वेळच उभं करायचं होतं. मी शेगडीत दोन लाकडं घातली, रेगीनाची उशी सारखी केली, मग खिडकीशी गेलो. तो गेला होता. मला वाटलं, शहाणा असेल तर थेट ३९ नंबरला गेला असेल. फाटक उघडून मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बाहेरच्या कडीत पाटी लटकताना दिसली असती. घर गाळायचं नाही हा नियम थाइलने पाळला, आणि हातात द्यायची हा मी त्याला पाळू दिला नाही. त्या रात्री फाटकावरच्या कौलांचा बर्फ घसरला आणि पाटी खाली ढिगात गेली.

पहाटे पुलावर वरच्या आठ घरांची माणसं आली. माझ्या खालच्या वीस घरांना पत्ताच नव्हता, आणि घोडे आणि नांगर तर खालच्या घरांतच होते. दहा वाजता थोरल्यांनी माणूस पाठवला तेव्हा सगळे धावत आले. रस्ता साडेतीनला मोकळा झाला, डॉक्टर चारला पोचला. रेगीना सव्वादोनला गेली होती.

मार्चमध्ये बर्फ वितळला तेव्हा पाटी सापडली. मला सापडली, माझ्या फाटकाखाली, माझ्या बाजूला. तेव्हाच मला कळलं की काय झालं होतं. मी ती उचलली, खुंट्याच्या पलीकडे थाइलच्या हद्दीतल्या चिखलात ठेवली, आणि मग लोकांना हाक मारली.

निवाड्याला थाइल उभा राहिला. ‘मी तीनदा वाजवलं. हाक मारली. कडीत अडकवून आलो.’ थोरल्यांनी मला विचारलं, ‘मार्टिन, कोणी वाजवलं होतं का?’ मी बायबलवर हात ठेवून म्हणालो, ‘कोणीही नाही.’ पाटी कडीत पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता, आणि ऐकलेली एकच होती, तिला आम्ही महिन्यापूर्वी पुरलं होतं.

आळीने थाइलला वाळीत टाकलं. चर्चमध्ये शेवटचा बाक. आमच्यात कबर शेजाऱ्यांनीच खणायची असते, मग तो कितीही वाईट असो. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत त्याची बायको कातारीना वारली तेव्हा आळीतलं कोणी कुदळ घेऊन गेलं नाही. जमीन दगडासारखी गोठली होती. त्याने एकट्याने खणलं, दोन दिवस. कुदळीचा आवाज माझ्या अंगणात ऐकू येत होता. मी गेलो नाही.

हे लिहिलं म्हणून थाइल देवमाणूस ठरत नाही. तो भांडखोर होता आणि आहे. या हिवाळ्यातही त्याचा बर्फ खुंट्याच्या वीतभर अलीकडे आलेला आहे, कोणाला मोजायचा तर मोजावा. पण त्याने पाटी आणली होती. रेगीनाला त्याने मारलं नाही. मी मारलं असं लिहायला हात होत नाही, म्हणून एवढंच लिहितो की फाटक माझं होतं, आणि मी ते उघडलं नाही.

६. जाहीर वाचन. नव्वद साली आळीच्या आळी जर्मनीला गेल्या. जाताना त्यांनी कपाटं नेली, घड्याळं नेली आणि ‘गुनेशच्या बायकोचा जीव थाइलने घेतला’ हेही नेलं. दर सप्टेंबरला ते तिथे जमतात. हिल्डेने कलम पाच त्या मेळाव्यात उभं राहून मोठ्याने वाचावं, बिअर ओतायच्या आधी, कारण नंतर कोणी ऐकत नाही. हे वाचन होईपर्यंत कलम एकप्रमाणे घर तिच्या नावावर होऊ नये. सगळे मला विचारतात की तू का आला नाहीस. तिथे तीनशे माणसं माझी कीव करायला टपली होती. इथे खरं ठाऊक असलेला एकच माणूस होता आणि तो माझ्याशी बोलत नव्हता. मला तेच बरं वाटलं.

७. कबर. मला रेगीनाच्या शेजारी पुरावं. आमच्या आळीत आता एकच माणूस उरला आहे, वय ब्याऐंशी. खणायचं काम आर्पादने करावं, पण बोलावणं रीतसर जावं. दुकानवाल्या व्हिओरिकाबाईंनी पाटी (आळी गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे) घेऊन ४३ नंबरला जावं, तीनदा वाजवावं, नाव घेऊन हाक मारावी. त्याने ऐकूनही उघडलं नाही, तर कोणी त्याला बोल लावू नये.

८. साक्षीदार. पहिल्या साक्षीदार व्हिओरिकाबाई. दुसरा साक्षीदार म्हणून मी सायमन थाइलचं नाव घातलं आहे. एकदा मी त्याची साक्ष खोटी पाडली, आता माझा कागद त्याच्या सहीवाचून खरा होऊ नये. साक्षीदाराला वाटणीत काही देता येत नाही, असं पाद्रीबाबा म्हणतात. बरंच आहे. त्याने घेतलं नसतं.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी लिहिलेली. आज सकाळी अकरा वाजता हा कागद खिशात आणि पाटी हातात घेऊन मी ४३ नंबरला गेलो. आधी खुंट्यापलीकडचा बर्फ मला उपसावा लागला, कारण इकडून तिकडे जायची वाट पंचवीस वर्षांत कोणी केलेलीच नाही. तीनदा वाजवलं. ‘सायमन! उघड रे! पाटी आलीये!’ धुराड्यातून धूर येत होता. फाटकाच्या आतून खोकला ऐकू आला. खालच्या फटीतून त्याचे बूट दिसत होते, माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर. मी म्हणालो, ‘सायमन, मी ऐकलं होतं तेव्हा. पाटी माझ्या बाजूला सापडली होती. सगळं लिहिलंय यात.’ बूट हलले नाहीत. चर्चच्या घड्याळात साडेअकरा वाजेपर्यंत मी उभा होतो. तोही होता.

तेव्हा त्याचं नाव साक्षीदारांतून मी खोडत आहे. तो आता साक्षीदार नसल्यामुळे त्याला काही देण्यात कायद्याची अडचण नाही, म्हणून पाटी त्याला दिली. मागच्या पितळी पट्टीत कलम पाचची नक्कल खोचून ती त्याच्या फाटकाच्या कडीत अडकवून आलो. व्हिओरिकाबाईंनी वेळ येईल तेव्हा रिकाम्या हाताने जावं. कलम सातचं शेवटचं वाक्य आहे तसंच राहावं.

सही: मार्टिन गुनेश
स्थळ: क्लाइनबाख, घर नंबर ४१
दिनांक: १७ जानेवारी २०१०

साक्षीदार १: व्हिओरिका स्तान, दुकानदार. मार्टिन यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: सायमन थाइल, घर नंबर ४३ (नाव मी स्वतः खोडले. मा. गु.)

त्याऐवजी: योनेल मुन्तेआन, पोस्टमन. मार्टिन यांनी माझ्यासमोर सही केली. त्यांच्या सांगण्यावरून हेही लिहितो की दुपारी तीन वाजता इकडे येताना ४३ नंबरच्या फाटकाच्या कडीत एक लाकडी पाटी लटकलेली मी डोळ्यांनी पाहिली. तिच्यावर बोटभर बर्फ साचला होता.