एकही खण भिजत घालू नकोस

इंदिरानगर, नाशिक
गुरुवार

ती. सौ. उज्वलाताईस,

शेखरचा नमस्कार. (अपराध पाहता साष्टांग घालायला हवा, पण कंबर आता निम्म्यावरच थांबते.) इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. अण्णांची भूक माझ्यापेक्षा चांगली आहे आणि राग होता तसाच आहे. तुझा गुडघा कसा आहे, दाजींची भाताची गिरणी कशी चाललीय, हे मला पल्लवीकडून कळतं, कारण दोन वर्षं तू माझा फोन घेत नाहीस. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही घेतला नसता, शिवाय चारचौघांत सांगत सुटलो असतो. तू निदान गप्प तरी राहिलीस.

काल रात्री पल्लवीने तुला फोन करून, 'ताई, यांचं पत्र येईपर्यंत घरातला एकही खण भिजत घालू नका,' एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मी तिला म्हटलं होतं, सगळं नीट समजावून सांग. त्यावर ती म्हणाली, की दोन वर्षं तुम्हा बहीण-भावाची पोस्टमनकी केली, आता हे तुमचं तुम्ही निस्तरा. म्हणून हे पत्र. शेजारच्या अंजली मॅडम रोज घोटीच्या शाळेत शिकवायला जातात, त्यांच्या हाती देतोय. त्यांना चहा पाज, पण आत काय लिहिलंय ते सांगू नकोस.

सरळच सांगतो. अण्णांचा आवाज माझ्या हातून हरवला. एकदा हरवला तो तुला माहीत आहे, सही माझीच होती. हा दुसऱ्यांदा.

अब्बासचाचा तुला आठवतातच, मालेगावचे. अण्णा स्टँडवर कंट्रोलर असताना ते कंडक्टर होते. त्यांनी तेव्हा नवा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि तो चालतो का बघायला म्हणून कंट्रोल केबिनच्या बाहेर ठेवून अण्णांच्या तासाभराच्या घोषणा टेप केल्या होत्या. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती कॅसेट सापडली. त्यांच्या शाहनवाजने ती पेनड्राइव्हमध्ये उतरवली. उतरवता उतरवता फीत तुटली, आणि पुढे त्याचा कॉम्प्युटरही बिघडून पुसला गेला. म्हणजे गळ्याचं ऑपरेशन होण्याआधीचे अण्णा आता जगात एकाच ठिकाणी बोलत होते, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या एका पेनड्राइव्हमध्ये. चाचा म्हणाले, त्यात ते सगळं आहे. कळवण गाडीचे कंडक्टर जेवायला गेलेले आहेत, प्रवाशांनी उगीच आत चढून घामाघूम होऊ नये. देवळ्याच्या गाडीत एक मूल रडत आहे, ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं, ज्यांचं नसेल त्यांनी खाऊ देऊ नये. (अशा घोषणा नियमात बसत नसत. पण अण्णांच्या आवाजापुढे नियम जरा बाजूला उभे राहायचे.)

आता तू विचारशील, पेनड्राइव्हसारखी वस्तू तुझ्या हातून हरवतेच कशी? कॉलेजच्या ऑफिसात मला सगळे 'पेनड्राइव्ह सर' म्हणत. निवृत्त झालो तेव्हा शाल-नारळाऐवजी मला डझनभर पेनड्राइव्ह मिळाले आणि मी त्या प्रत्येकाला कामाला लावलं. एकात आमच्या लग्नाचे आणि त्यानंतरच्या सगळ्या सहलींचे मिळून चारशे फोटो आहेत. पाहुणे फार वेळ बसले की तो टीव्हीला लावायचा. साठाव्या फोटोपर्यंत कुणी टिकलेलं नाही. दुसऱ्यात कुत्र्याचं भुंकणं भरलं होतं, गावाला जाताना स्पीकरला लावून जायला, चोरांसाठी. आम्ही दोन दिवस लग्नाला गेलो. चोर आले नाहीत, पण समोरच्या बंगल्यातला खरा कुत्रा आमच्या कुत्र्याला उत्तर देत बसला. परत आलो तर त्याचा घसा बसलेला आणि मालक दारात उभे. ते मला हाताला धरून त्या कुत्र्यापाशी घेऊन गेले. मी कुत्र्याची माफी मागितली.

तिसरा मी खास अण्णांसाठी केला. 'चहा हवाय', 'पंखा बंद करा', 'पेपर कुणी नेला' अशी पंचवीस वाक्यं माझ्या आवाजात भरली आणि बटणांच्या स्पीकरला जोडून दिली. म्हटलं, बटण दाबायचं की झालं बोलणं, पाटीवर लिहायची कटकट नको. अण्णांनी शांतपणे पंचवीसही वाक्यं ऐकली. मग पाटी ओढून लिहिलं, 'हा मठ्ठ आवाज तुझा आहे. मला माझा आवाज नसला तर चालेल, तुझा नको.' तो स्पीकर आता पल्लवी वापरते. 'पेपर कुणी नेला' हे माझ्याच आवाजात मला ऐकवते.

तर असा मी जाणकार माणूस. अब्बासचाचांचा पेनड्राइव्ह धूळ, व्हायरस आणि माझ्याच इतर उद्योगांपासून सुरक्षित राहावा म्हणून मी पल्लवीच्या कपाटात हात घातला. नव्या खणांची चळत होती. त्यातल्या मोरपंखी, आमसुली काठाच्या खणाच्या घडीत जो पुठ्ठा असतो, त्याला तो आतून चिकटपट्टीने लावून टाकला. मनात म्हटलं, ही चळत मी लग्नापासून बघतोय, हिच्यातला एकही खण कधी शिवलेला पाहिला नाही. तिजोरीपेक्षा भारी जागा.

ताई, पस्तीस वर्षं संसार करून मला एवढं कळलं नव्हतं, की ओटीत आलेला खण शिवण्यासाठी नसतो, पुढच्या ओटीत घालण्यासाठी असतो. ती चळत दिसते तशीच, पण आतला माल सारखा फिरता. स्टँडवर फलाट तोच आणि गाड्या बदलत्या, तसलाच प्रकार. आता येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता अब्बासचाचा मालेगावहून येताहेत. अण्णांच्या शेजारी बसून दोघांनी मिळून ते ऐकायचं ठरलंय. अण्णांनी सोमवारीच पाटीवर लिहिलं, 'काढून ठेव.' मी कपाट उघडलं. बाकीचे रंग होते, मोरपंखी नव्हता.

पल्लवीला विचारलं तर तिने क्षणभरही विचार केला नाही. मार्गशीर्षात आपल्या मावशीची नात हर्षाली पोटुशी असताना देवळ्याहून आली होती, तिच्या ओटीत गेला. मी मंगळवारी देवळ्याला. हर्षालीनेही विचार केला नाही. संक्रांतीला कळवणच्या आत्येसासूला, कलाबाईंना दिला. (ऑफिसात आवक-जावक सांभाळायला आम्ही चार माणसं होतो, तरी पत्रं गहाळ व्हायची. इथे एका बाईने एकदा पाहिलेला काठ दुसरी विसरत नाही.)

हर्षालीचे सासरे बारकूनाना मात्र मला सोडेनात. पेनड्राइव्ह म्हटल्यावर ते खुलले. त्यांच्या ट्रॅक्टरला एक आहे, तीनशे गाण्यांचा. दुसरा मक्याच्या शेतात, पाखरं हाकायला. त्यात त्यांनी स्वतःचं 'हाऽऽड, हाऽऽड' भरलंय आणि ते भोंग्यावर दिवसभर चालू असतं. 'लय कामाची चीज हाय, पाव्हणं. मी पारावर बसेल राहतो आन् माझा आवाज राबतो,' असं ते म्हणाले. फक्त एक झालं. महिन्यापूर्वी ते साडूकडे दोन दिवस गेले. तिकडे पोचून फोन केला तर घरचे म्हणाले, काहीतरीच काय सांगता, तुम्ही शेतात ओरडताय की. दोन्ही दिवस नानांचा डबा शेताच्या बांधावर पोचत होता. मी खूप हसलो. बसमध्ये बसल्यावर मात्र हसू गेलं. माणूस नसतानाही आवाज आला की घरचे भाकरी बांधून पाठवतात. मग नुसता आवाज गेला तर आपण माणसाला अर्धा गेलेला का समजतो? मी अण्णांशी हल्ली मोठ्याने आणि सावकाश बोलतो. ऐकू त्यांना चांगलं येतं. परवा त्यांनीच पाटीवर लिहून विचारलं, 'ओरडतोस कशाला?'

काल कळवणला गेलो. कलाबाईंच्या देवघरात आरतीचा पेनड्राइव्ह आहे. दसऱ्याला त्यांनी हत्यारांबरोबर त्याचीही पूजा केली आणि श्रद्धेने भरपूर कुंकू लावलं. ते आत गेलं. तेव्हापासून आरती मध्येच थांबते, अख्खं घर हात जोडून उभं राहतं, आणि मनात आलं की ती पुढे सुरू होते. दुरुस्त करून देऊ का विचारलं तर म्हणाल्या, 'नको. तेवढंच पोरं देवापुढं गप उभी राहत्यात.' मग मोरपंखी खणाचं विचारलं. 'आमसुली काठाचा ना? तो घोटीच्या उज्वलाबाईला दिला, बारशात. तिचं पातळ डाळिंबी व्हतं, त्यावर खुलला असता म्हनून.'

हर्षालीच्या बाळाच्या त्या बारशाला मी आलो नव्हतो. ताप आल्याचं कळवलं होतं. ताप नव्हता, तू येणार हे कळलं होतं.

कलाबाईंच्या तोंडून तुझं नाव ऐकलं तेव्हा आधी मला हायसं वाटलं आणि लगेच दरदरून घाम फुटला. कारण आपल्या सगळ्या गोतावळ्यात खण खरोखर शिवणारी बाई एकच आहे. तू आधी तो रात्रभर पाण्यात भिजवतेस, मग सावलीत वाळवतेस, मग मशीनवर बसतेस. दुसऱ्या कुणाकडे असता तर निदान फिरत तरी राहिला असता.

ऑपरेशनच्या दिवशीचं मला पुन्हा काढायचं नाही, पण काढल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल. अकराची वेळ दिली होती, म्हणून तू तशी निघालीस. आधीचा पेशंट रद्द झाला आणि त्यांनी दहालाच अण्णांना घेतो म्हटलं. मी सही केली. तू आलीस तेव्हा दार बंद झालं होतं. 'मला त्यांच्या तोंडून एक हाक तरी ऐकू द्यायची होतीस,' एवढंच तू म्हणालीस, आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस. डॉक्टर म्हणत होते, उशीर करू नका, तो त्यांचा शब्द मी तुला नंतर दहा वेळा ऐकवला. एक तास थांबता आलं असतं, हे मात्र कधी कबूल केलं नाही. आज करतो. थांबता आलं असतं.

म्हणून ताई, तो खण बघ. सापडला तर त्या आवाजावर माझ्याआधी तुझा हक्क आहे. दाजींना नमस्कार सांग, आणि उत्तर द्यायचं नसेल तर अंजली मॅडमकडे नुसती मान हलवून पाठव, मी समजून घेईन.

तुझा धाकटा आणि आता बराचसा टकला भाऊ,
शेखर

ता. क. : पेनड्राइव्ह पांढरा आहे, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला. तू खण आधीच उलगडला असशील आणि डांबरगोळी समजून तो कपाटात कुठे टाकला असशील, तर तिथेही बघ. दाजींना गिरणीतल्या कॉम्प्युटरला लावून बघू देऊ नकोस. भिजला असेल तर तांदळाच्या डब्यात ठेव. घोटीत राहून तांदूळ कुठून आणू, असं तू म्हणणार नाहीस.

ता. क. दुसरा : पल्लवी सांगते, की खण परत करू नका, ओटीत दिलेलं परत घ्यायचं नसतं. पुठ्ठा तेवढा चालेल. खण शिवाच, म्हणजे आमच्या घराण्यात एक तरी खण अंगाला लागला असं होईल.

ता. क. तिसरा : पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. वर मी धूळ आणि व्हायरस असं लिहिलंय, ते खरं नाही. दिवाळीत पेनड्राइव्ह हातात आला तेव्हा घरी मी एकटाच होतो. लावून ऐकता आला असता, दुसरी प्रतही काढता आली असती. नाही काढली. नंतर अण्णा चार वेळा पाटीवर 'लाव की' म्हणाले, मी चार वेळा काहीतरी बिघाड सांगितला. खणात लपवला तो मी माझ्यापासून. अण्णांना आत नेत होते तेव्हा दारापाशी त्यांनी स्ट्रेचर थांबवायला लावून मला विचारलं होतं, 'उज्वला आली का?' ते त्यांचं शेवटचं बोलणं. मी म्हटलं, आली, बाहेर उभी आहे. तुझी गाडी तेव्हा वाडीवऱ्ह्याला होती. त्यांनी मान डोलावली आणि आत गेले. तो आवाज कुठेही ऐकला की मला तोच प्रश्न ऐकू येईल, या भीतीने मी घोषणासुद्धा ऐकू शकलो नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, पल्लवीलाही नाही. ताई, खण सापडो, न सापडो, भिजून गेलेला असो. रविवारी तू ये. बेल वाजवू नकोस, दारात उभी राहा. मी आत जाऊन अण्णांना सांगतो, उज्वला आली, बाहेर उभी आहे. तेवढं खरं करून दे.