लुगड्याची तार

बोरी, रविवार, १९७४

सुटले बाई एकदाची! मुंबई केंद्रावर आज माझा भाऊ पहिल्यांदा गाणार, आणि आमच्या रेडिओवर नुसती खरखर. ह्यांनी हौसेनं आणलेली जाळीची एरियल पत्र्यावर नुसतीच मिरवायलीय. साधी तार आणा म्हणत होते मी, ऐकलं का? शेवटी ह्यांनी रेडिओची वायर अंगणातल्या लुगडी वाळवायच्या तारेला जोडली, अन् भावाचा आवाज घरात आला!

तेवढ्यात सासूबाई धुतलेलं लुगडं घेऊन त्याच तारेकडं निघाल्या. ओलं लुगडं तारेवर पडलं की गाणं बंद. माझ्या माहेराला कधी बरं न म्हणणारी बाई. वायर पाहून थबकल्या.

"तुझा भाऊ गायलाय न्हवं? गाऊ दे त्याला."

गाणं संपेस्तोवर ओलं लुगडं हातावर घेऊन उभ्या होत्या. पायाशी चिखल झाला, तरी हलल्या नाहीत.