मनोऱ्यावर अडकलेले पणजोबा

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? माझे गुडघे ठीक आहेत, बाकी सगळं संपलं.

नदीकाठच्या मनोऱ्यावर तुझ्या आजोबांच्या नावाची पाटी लागणार, हे तुला माहीतच आहे. पुराच्या दिवशी पळून न जाता घंटा बडवून गाव वाचवणारा पहारेकरी! बाबांनी (वय सत्त्याऐंशी, ऐकू येतं ते फक्त स्वतःचं) भाषण पाठ केलंय, नवा कोट शिवलाय. एवढी पाटी बघितली की मिटले डोळे, म्हणतात. तेवढ्यात नगरपालिकेच्या कारकुनाने लेखी पुरावा मागितला. आणि मी शहाणा म्हणालो, आणतो! हात दाखवून अवलक्षण.

तीन महिने दप्तरखान्यात धूळ खाल्ली. (हल्ली मी दिसलो की शिपाई आधी नाकाला रुमाल लावतो.) शेवटी मनोऱ्याच्या दुरुस्तीची वही सापडली. पुराच्या दिवशीची नोंद अशी, की शिडीच्या दोन पायऱ्या मोडल्या म्हणून सुताराने सकाळीच ती दुकानात नेली. वर पहारेकरी आहे, हे तो विसरला! आत्या, पणजोबांना पूरबीर काही दिसला नव्हता गं. मला खाली उतरवा, म्हणून ते घंटा वाजवत होते. लोकांना वाटलं, पूर आला. सगळे पोराबाळांसकट टेकडीवर पळाले (सुतार सगळ्यांत पुढे). शिडी आणायला उरलं कोण? आणि संध्याकाळी मेला पूर खरंच आला.

आता बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? घास उतरत नाही गं.

तुझा अभागी भाचा

ता.क. खरं काम हे : सोबतचं पान त्या वहीतलं. होय, मीच फाडलं. (पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून तीस वर्षं पोरांचे कान पिळणाऱ्या मास्तराने!) जाळायला हात धजत नाही. तू जाळ.

ता.क. दुसरा : पान पाठवत नाही. पाकीट चिकटवताना बाबांनी पकडलं, मग मी रडत रडत सगळं ओरडून सांगितलं. बाबा म्हणाले, "दिवसभर एकटाच होता का रे वर?" आणि थोड्या वेळाने, "मग पुरातून त्याला उतरवलं कोणी?" वहीत नाही. मला तीन महिन्यांत हे सुचलंही नव्हतं. बाबांनी भाषण फाडलं. पाटी आता त्या माणसाच्या नावाची हवी म्हणतात. पणजोबा त्याच्याबद्दल तुझ्याजवळ कधी बोलले होते का? आठवून बघ. नसेलच आठवत तर एखादं बरंसं नाव कळव, पुरावा मी शोधतो.