आखणीवालीची मान

२ जुलै
मान वळत नाही! उजव्या खांद्याचा दगड झालाय. ब्रश उचलला की कानामागून पार बोटांपर्यंत कळ. आणि कारखान्यात गणपती रांगेनं बसलेत — रंगून तयार, डोळे कोरे. डोळ्यांची आखणी करणार कोण? मीच! घरात दुसरा हात नाही. म्हणजे आहे — ह्यांचा. मला आखणी शिकवली ह्यांनीच. पण दोन वर्षं झाली, हे नुसते स्प्रे गनला चिकटलेत. "सगुणा, तुझा हात गोड हाय, तूच कर." लोणी लावायला बरं जमतं!

३ जुलै
पेणला फिजिओथेरपीवाल्या मनाली मॅडमकडे गेले. रिक्षानं खड्ड्यांतून असं नेलं की उरलीसुरली मानही गेली. वाटलं, इंजेक्शन देतील. तर म्हणे, "काकी, हळूहळू ताणायचं. दुखेपर्यंत नाही. ताण जाणवतो तिथे लक्ष द्यायचं." लक्ष! डोक्यात नुसते गणपती.

५ जुलै
पहाटे चटई टाकून बसले. कान खांद्याकडे, हनुवटी छातीकडे. दारातून सासूबाई — "काय गो, अंगात आलं काय?" हे खो खो हसले. हसा! रागारागात मान जोरात ओढली. मग दिवसभर मीच कण्हत होते.

८ जुलै
रोह्याच्या सुशीलचा फोन. दरवर्षी आमच्याच मूर्ती नेतो विकायला. टेम्पो पुढच्या आठवड्यात. "काकी, जमत नसेल तर कोरेच द्या, दुसऱ्याकडून आखून घेतो." आमचे गणपती आणि डोळे दुसऱ्याचे! मग आम्हाला विचारणार कोण?

ह्यांना म्हटलं, "अहो, निदान लहान मूर्ती तरी घ्या." तर म्हणे, गन साफ करायची हाय. असला संताप आला! बायको मरू दे, गन चमकू दे.

१० जुलै
पुन्हा पेण. मॅडमसमोर करून दाखवलं.
"काकी, श्वास का रोखताय?"
तोंडून निघून गेलं, "रोखला नाय तर रेघ हलंल!"
त्या बघतच राहिल्या. मीपण. खरंच की! आखताना रेघ संपेपर्यंत श्वास धरायचा, ही वीस वर्षांची खोड. ताणतानाही तेच चाललेलं! आता नाकानं घ्यायचा, सावकाश सोडायचा, सोडताना खांदाही सोडायचा. एवढंच? एवढ्यासाठी इतकी बोंबाबोंब?

११ जुलै
कानाखाली काहीतरी ढिलं झालं. सासूबाई — "आज देवी शांत हाय!"

१३ जुलै
सकाळपासून आखतेय. कळ येते, पण सोसवते. मधेमधे उठून मान झुकवते, श्वास सोडते. सुशीलला सांगून टाकलं — कोरे मिळणार नाहीत! हे कोपऱ्यातून बघत होते. कौतुकाचा एक शब्द? छे! एवढं मात्र खरं, नेहमीसारखं हसले नाहीत.

१४ जुलै
पहाटे हे आपणहून चटईवर येऊन बसले. "मलापण दाखव." हात समोर ताणायला लावले. उजव्या हाताची बोटं थरथरत होती. थांबेचनात.
"ढिली सोडा की," मी म्हटलं.
"सोडलीच हायेत गो. दोन वर्षं अशीच हायेत."
मी तो हात धरला. थरथर माझ्या मनगटापर्यंत आली.