मास्कमधला दुसरा श्वास

१४ मार्च, दुपार

प्रिय ठमे,

आशीर्वाद. चार वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी खुशाली. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. आत्या आठवड्यातून दोनदा येते आणि चहात साखर कमी पडल्याचं सांगून जाते. बाबांचं फ्रेमचं दुकान मी चालवते.

तू आत्याकडे बाबांचा फोटो मागितलास, हे कळलं. त्याची फ्रेम मीच करायला घेतली, तुला आवडते तशी काळी आणि आरशासारखी चकचकीत. पंधरा दिवस झाले, होतच नाहीये. हस आता! बाबांच्या हाताखाली वीस वर्षं काढली आणि वीतभर फ्रेम जमेना. लाकूड घासलं, अस्तर दिलं, काळ्या रंगाचे चार पातळ हात फवारले, प्रत्येक हात वाळल्यावर पाणी लावून पॉलिशपेपरने घासला. तोवर सगळं छान असतं. शेवटचा, चकाकी आणणाऱ्या लॅकरचा हात सुरू केला की बिघडतं.

का ते सांगते, वेड लागलंय म्हणू नकोस. फवारताना मास्क लावला की आपलाच श्वास कानात मोठा ऐकू येतो, तुला माहीत आहे. कोपऱ्यापाशी हात हलू नये म्हणून मी श्वास रोखते, बाबांनी शिकवलं तसा. मी रोखते आणि मास्कमधला श्वास चालूच राहतो. जड, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. माझा हात थबकतो, लॅकर साचतो, ओघळ येतो. पाच वेळा हेच झालं. पाच वेळा घासून पुन्हा पहिल्यापासून.

ती शिट्टी तू ऐकलेली नाहीस. बाबांचा श्वास तसा झाला तेव्हा तू घरात नव्हतीस.

तू बाबांशी भांडून गेलीस त्याच महिन्यात दोनशे फ्रेमांचं काम आलं होतं, सगळं चकचकीत. त्या लॅकरमध्ये हार्डनर घालावा लागतो, तो छातीला फार वाईट. मास्क दोन आणि फिल्टरच्या नव्या डब्यांची जोडी एकच. ती मी माझ्या मास्कला लावली. बाबांच्या जुन्याच डब्या फडक्याने पुसून परत बसवल्या. ते म्हणाले, "बदलल्यास ना गं?" मी म्हटलं, "हो, कधीच." बाजारात जायचा कंटाळा आला होता, ठमे. एवढंच कारण. उद्या आणू म्हटलं, आणि उद्या उद्या करत बारा दिवस गेले. त्यातच बाबांची छाती गेली आणि ती शिट्टी सुरू झाली.

आज सहाव्यांदा फवारायला घेतलं आणि मी मास्कमध्येच मोठ्याने म्हणाले, "बाबा, डब्या जुन्याच होत्या."

श्वास थांबला. हात सरळ फिरला. फ्रेम अशी उतरलीय की खिडकीचे गज तिच्यात मोजून घ्यावेत. सुटले, असं वाटलं. पण मास्क खुंटीला लावला आणि अंगावर काटा आला. श्वास गेला नव्हता. पुढचं ऐकायला माणूस श्वास रोखून धरतो, तशी ती शांतता होती. आणि पुढचं तुला सांगायचं आहे.

बाबा गेले त्या दिवशी आत्या दारात सगळ्यांसमोर तुला म्हणाली, "तुझ्या जाण्याने खचला माझा भाऊ. तूच घेतलास त्याचा जीव." तू माझ्याकडे बघून विचारलंस, "ताई, खरंच का गं?" मी मान खाली घातली. सगळ्यांनी ते हो समजलं, तूही समजलीस, आणि मी समजू दिलं. तू दारातूनच परत फिरलीस.

ते खोटं होतं. बाबा शेवटपर्यंत विचारत होते, "ठमी आली का?" त्यात राग नव्हता. तू काहीच केलं नव्हतंस. आई आणि आत्याला आज संध्याकाळी सांगणार आहे. तुला आधी सांगितलं, कारण हे ओझं तू एकटीने वाहिलंस.

फ्रेम पोस्टाने पाठवत नाही. न्यायला येशील का? नाही आलीस तरी माझी तक्रार नाही.

हे लिहितेय त्या टेबलावरून खुंटीवरचा मास्क दिसतो. रोखलेला श्वास अजून सुटलेला नाही.

जिच्या मास्कला नव्या डब्या होत्या, ती
तुझी ताई